विज्ञान शिक्षणाचे साहित्य : कपाटातून वर्गाकडे

ग्रामीण भागातील उच्च प्राथमिक शाळांना भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांना एक दृश्य परिचयाचे आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असते. त्यात चंचुपात्रे, परीक्षानळ्या, भिंगे, लोहचुंबक, एखादा तराजू अशा वस्तू ओळीने मांडलेल्या असतात. काहींच्या वेष्टनाची दोरीदेखील सुटलेली नसते. कपाटाला कुलूप असते. पलीकडच्या वर्गात मात्र शिक्षक फळ्यावर परीक्षानळीची आकृती काढून प्रयोगाची कृती, निरीक्षण आणि अनुमान सांगत असतात, आणि विद्यार्थी ते तिन्ही वहीत उतरवून घेत असतात.

या स्थितीला शिक्षकांची अनास्था हे एकच कारण देऊन मोकळे होणे योग्य ठरणार नाही. काचेची वस्तू फुटली तर तिची भरपाई कोण करणार, हा प्रश्न शिक्षकांपुढे असतो. आम्ल संपले, स्पिरिट संपले, विजेरीचे सेल उतरले, तर ते पुन्हा कोठून आणावयाचे याची व्यवस्था अनेक शाळांत लावलेली नसते. ज्या शाळांत असे कपाटही नाही, तेथे निधी नाही असे सांगितले जाते. प्रत्यक्षात वर्गात वापरता येईल असे पुष्कळ साहित्य आज विनामूल्य उपलब्ध आहे. लहान-मोठ्या खरेदीसाठी निधीचे काही मार्गही खुले आहेत. उणीव बहुधा असते ती नेमक्या, लेखी आणि वेळेवर केलेल्या मागणीची. हे साहित्य कोणते, निधी कोणता, त्याची मागणी कोणी व कशी करावी आणि आलेली वस्तू मुलांच्या हाती कशी पोहोचवावी, याचा येथे विचार केला आहे.

अल्पखर्ची साधनांची परंपरा

कमी खर्चाच्या साधनांतून विज्ञान शिकविण्याची कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतील शाळा व त्यांच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या. अशा देशांतील विज्ञान शिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली एक मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. साध्या वस्तूंपासून उपकरणे कशी तयार करावीत हे तीत सांगितले होते. याच प्रयत्नाचा विस्तार होऊन १९५६ साली युनेस्कोचा विज्ञान अध्यापनाचा संदर्भग्रंथ तयार झाला आणि पुढे जगातील अनेक भाषांत गेला.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ उच्च प्राथमिक शाळांत १९७२ साली एक महत्त्वाचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो शासनाच्या सहकार्याने हाती घेतला. १९७८ साली तो संपूर्ण जिल्ह्यातील शाळांत पोहोचला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. या कार्यक्रमात मुले चार-चारांच्या गटांत बसून स्वतः प्रयोग करीत आणि स्वतःच्या निरीक्षणावरून उत्तर लिहीत. फुलांचे विच्छेदन करण्यासाठी महागड्या सुयांऐवजी बाभळीचे काटे वापरले जात. केवळ साहित्याची पेटी दिली की काम संपले, असे तेथे मानले गेले नाही. संपलेल्या व फुटलेल्या वस्तूंची भरपाई, शिक्षकांचे प्रशिक्षण, मासिक बैठका, शाळाभेटी आणि पुस्तक जवळ ठेवून द्यावयाची परीक्षा, अशी सर्व अंगे एकत्र बांधलेली होती. हा कार्यक्रम २००२ साली शासनाच्या निर्णयाने बंद झाला. परंतु त्याच्या तीस वर्षांच्या अनुभवातून तयार झालेली पुस्तके आणि कार्यपद्धती आजही शिक्षकांच्या उपयोगाची आहे.

या कार्यक्रमाशी १९७८ साली जोडले गेलेले एक अभियंते म्हणजे श्री. अरविंद गुप्ता. आगपेटीच्या काड्या आणि सायकलीच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच वस्तूंतून त्यांनी भूमितीच्या आकृत्या व घनाकृती बांधण्याची पद्धत विकसित केली. पुढे पुणे येथील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी तयार करण्याचे काम दीर्घकाळ केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले.

महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना मुंबईत १९७४ साली झाली. केंद्राने आपल्या आरंभीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत विज्ञान अध्यापनाचा प्रकल्प राबविला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शेती, यंत्रकाम, बांधकाम, वीज यांसारखी गावाच्या गरजेची कामे प्रत्यक्ष करताना विज्ञान शिकविण्याचा प्रयोग तेथे यशस्वी झाला. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालापासून मराठीतून विज्ञान प्रसाराचे कार्य करीत आहे.

विनामूल्य मिळणारे साहित्य

आज शिक्षकाला मिळणाऱ्या विनामूल्य साहित्याचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार पाठ्यपुस्तके व संदर्भ पुस्तकांचा. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणक प्रतीच्या स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी तयार केलेली कृतिप्रधान पुस्तके व शिक्षक हस्तपुस्तिकाही शिक्षकांना पाहता येतात. श्री. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील हजारो पुस्तके व खेळण्यांच्या सचित्र कृती आहेत आणि त्यांसाठी कोणतेही शुल्क नाही.

दुसरा प्रकार ध्वनिचित्रफिती व सरावसाहित्याचा. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. पाठ्यपुस्तकात छापलेली चौकोनी सांकेतिक खूण भ्रमणध्वनीवर टिपली की त्या पाठाशी संबंधित साहित्य उघडते.

तिसरा प्रकार संगणकावरील आभासी प्रयोगांचा. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला ‘फेट’ हा प्रकल्प यात अग्रगण्य आहे. विद्युत मंडल, घनता, लंबक, प्रकाशाचे वक्रीभवन अशा विषयांवरील त्याची अनेक प्रतिमाने मराठीतही आहेत. ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही चालतात. इंटरनेटची सोय नसलेल्या शाळेच्या दृष्टीने ही बाब फार उपयुक्त आहे. तालुक्याच्या ठिकाणी किंवा केंद्रशाळेत ती एका पेन ड्राइव्हवर घेऊन केंद्रातील सर्व शाळांना देता येतील. तथापि, आभासी प्रयोग हा हाताने करावयाच्या प्रयोगाला पर्याय मानू नये. जे धोक्याचे, फार लहान, फार मोठे किंवा फार सावकाश घडणारे आहे, ते पडद्यावर दाखवावे. लिंबाचा रस आणि हळद मात्र मुलाच्या हातात द्यावी.

चौथा प्रकार फिरत्या सेवांचा. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या व्यवस्थेत विज्ञान प्रदर्शनाच्या फिरत्या बसगाड्या १९६५ सालापासून खेडोपाडी जात आल्या आहेत. या परिषदेची केंद्रे महाराष्ट्रात मुंबई येथे नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूर येथे रमण विज्ञान केंद्र या नावांनी आहेत. एका शाळेने वेगळी विनंती करण्यापेक्षा गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तालुक्यातील शाळांचा एकत्रित प्रस्ताव पाठविणे सोयीचे ठरते.

गावातच असलेली प्रयोगशाळा

साहित्याची वाट न पाहता उद्याच्या तासाला करता येतील असे दोन पाठ नमुन्यादाखल येथे दिले आहेत.

पहिला पाठ सावलीचा. शाळेच्या मैदानात सपाट जागी सुमारे एक मीटर लांबीची सरळ काठी रोवावी. ती उभी आहे किंवा नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहावे. सकाळी पावणेबारापासून दुपारी एकपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा आणि शेजारी वेळ लिहावी. सर्वांत आखूड सावलीची रेषा दक्षिणोत्तर असते आणि तीच त्या गावाची खरी मध्यान्हवेळ होय. ती घड्याळाच्या बारा वाजताच्या वेळेशी जुळत नाही, हे पाहून मुले प्रश्न विचारू लागतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि संपूर्ण महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेस असल्याने आपल्याकडे मध्यान्ह सर्वसाधारणपणे उशिरा होते. नागपूरची मध्यान्ह मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होते. विदर्भातील एका शाळेने व कोकणातील एका शाळेने एकाच दिवशी हा प्रयोग करून दूरध्वनीवर वेळा पडताळून पाहिल्या, तर पृथ्वीचे परिवलन वेगळे शिकविण्याची गरज उरणार नाही.

हाच प्रयोग दर महिन्याला केल्यास आणखी एक गोष्ट दिसते. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. म्हणून राज्यातील प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दक्षिणेकडील जिल्ह्यांत पहिला दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, तर नागपूरकडे मेच्या अखेरीस. दुसरा दिवस नागपूरकडे जुलैच्या मध्याला आणि दक्षिणेकडे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते आणि उरलेल्या वर्षभर उत्तरेकडे. पहिला दिवस सुटीत येतो आणि दुसऱ्या दिवशी आकाश बहुधा ढगाळ असते. तरीही जूनच्या अखेरीस उघडीप मिळताच घेतलेली नोंद आणि दिवाळीनंतर घेतलेली नोंद यांची तुलना करता येते. सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना मात्र प्रयोगापूर्वी द्यावी.

दुसरा पाठ आम्ल व आम्लारीचा. हळदीची पातळ पूड-पाण्याची लेई कोऱ्या शोषक कागदावर लावून वाळवावी आणि कागदाच्या पट्ट्या कापाव्यात. साबणाचे पाणी, धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी लागताच पट्टी तांबडी होते. त्यावर लिंबाचा रस टाकला की ती पुन्हा पिवळी होते. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून काढलेला अर्क आम्लात अधिक गुलाबी-तांबडा होतो आणि आम्लारीत हिरवट दिसतो. मुलांनी घरून चिंच, ताक, राख, खाण्याचा सोडा अशा वस्तू आणून त्यांचे वर्गीकरण करावे. कोणताही पदार्थ चाखून पाहू नये आणि चुन्याचे पाणी डोळ्यांजवळ नेऊ नये.

निधीचे मार्ग

जे घरातून किंवा शेतातून मिळत नाही त्यासाठी पैसा लागतो. भिंगे, लोहचुंबक, होकायंत्रे, तापमापी, सूक्ष्मदर्शक या वस्तू विकतच घ्याव्या लागतात. त्यासाठीचे प्रमुख मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

१) संयुक्त शाळा अनुदान. समग्र शिक्षा या २०१८ सालापासूनच्या योजनेत शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना पटसंख्येनुसार वार्षिक अनुदानाचे मानक ठरविले आहे. ३० पर्यंत पटाच्या शाळेस १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० रुपये, २५० पर्यंत ५०,००० रुपये, १,००० पर्यंत ७५,००० रुपये आणि त्याहून अधिक पटाच्या शाळेस १ लाख रुपये असे ते मानक आहे. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी खर्च करावयाची असते. नादुरुस्त साहित्य बदलणे, उपभोग्य वस्तू, प्रयोगशाळा, अध्यापन साहित्य, वीज, पाणी, इंटरनेट या बाबी उरलेल्या खर्चात येतात. म्हणजे विज्ञानाचे साहित्य या अनुदानातून घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. प्रत्यक्षात वीजबिल, रंगरंगोटी व किरकोळ दुरुस्ती यांतच रक्कम संपते, कारण विज्ञानाची मागणी कोणी मांडलेलीच नसते.

२) ग्रामपंचायतीचा निधी. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा त्यांतील १७ वा विषय आणि ग्रंथालये हा २० वा विषय होय. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित ठेवली आणि ४० टक्के रक्कम वेतन व आस्थापना खर्च वगळून अकराव्या अनुसूचीतील विषयांवर स्थानिक गरजेनुसार खर्च करण्यास मोकळी ठेवली. ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेच्या भिंतीला, फरशीला आणि कुंपणाला स्थान मिळते. त्याच पानावर प्रयोगाच्या साहित्यालाही स्थान देता येते. अट इतकीच की ती बाब आराखड्यात लिहिलेली असली पाहिजे.

३) इन्स्पायर पुरस्कार-मानक. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना इयत्ता सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विद्यार्थ्याने सुचविलेली मूळ कल्पना निवडली गेल्यास प्रतिकृती तयार करण्यासाठी व प्रदर्शनात मांडण्यासाठी १०,००० रुपये थेट त्याच्या बँक खात्यात जमा होतात. पुढे जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्तरावर प्रदर्शने होतात. शाळेने संगणकीय नोंदणी करून विद्यार्थ्यांच्या कल्पना मुदतीत पाठवावयाच्या असतात. मुदत सामान्यतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास संपते. विद्यार्थ्याचे बँक खाते नसल्यामुळे किंवा शिक्षकानेच कल्पना लिहून दिल्यामुळे संधी वाया जाऊ नये. शेतात, घरात, पाणवठ्यावर मुलाला कोणती अडचण दिसते, हे त्याला जूनमध्येच विचारले तर कल्पना त्याच्या स्वतःच्या येतात.

४) अटल टिंकरिंग प्रयोगशाळा. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून २०१६ सालापासून निवडक शाळांना अशा प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्यात आले. त्यांपैकी १० लाख उभारणीसाठी व उर्वरित रक्कम पाच वर्षांपर्यंतच्या चालू खर्चासाठी होती. देशभरात अशा १०,००० प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत शासकीय शाळांत आणखी ५०,००० प्रयोगशाळा स्थापन करण्याची घोषणा झाली. ज्या शाळेला ती मिळालेली नाही, तिने जवळच्या प्रयोगशाळा असलेल्या शाळेला विद्यार्थ्यांच्या भेटीसाठी लेखी विनंती करावी. केंद्रप्रमुखांनी अशा भेटींचे वेळापत्रक बसवून द्यावे.

५) विद्यांजली व कंपन्यांचे सामाजिक दायित्व. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा विद्यांजली हा मंच सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाला. शाळेने आपली गरज त्यावर नोंदवावी आणि इच्छुक नागरिकांनी वस्तू किंवा सेवा द्यावी, अशी त्याची रचना आहे. गावातून नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना मदत करण्याचा हा सरळ मार्ग आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शिक्षणाचा प्रसार हे त्यांतील एक मान्य काम आहे आणि कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे अधिनियमात म्हटले आहे. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांनी हे ध्यानात ठेवावे.

मागणी कशी लिहावी

‘शाळेस विज्ञान साहित्य मिळावे’ एवढ्या एका ओळीच्या अर्जावर निर्णय होणे कठीण असते. त्याऐवजी प्रयोगापासून आरंभ करावा. पाठ्यपुस्तकातील वर्षभराचे प्रयोग लिहावेत, प्रत्येकापुढे लागणारी वस्तू लिहावी, गावात मिळणाऱ्या वस्तूंवर खूण करावी. उरलेली यादी तीच खरेदीची यादी होय. ती अनुभवास येते त्याहून पुष्कळ लहान निघते.

उदाहरणार्थ, सहावी ते आठवीच्या तिन्ही वर्गांत प्रत्येकी २० विद्यार्थी आहेत असे समजू. चौघांचा एक गट केल्यास वर्गात पाच गट होतात. तिन्ही वर्गांचे विज्ञानाचे तास निरनिराळ्या वेळी असल्याने पाच संच पूर्ण शाळेला पुरतात. म्हणजे पाच भिंगे, पाच होकायंत्रे, दहा पट्टीचुंबक, पाच तापमापी आणि काही परीक्षानळ्या, सेल, तारा व बल्ब एवढ्यावर वर्षातील बरेच प्रयोग होतात. एका महागड्या उपकरणाभोवती २० मुलांनी उभे राहून पाहण्यापेक्षा पाच साध्या भिंगांतून सर्वांनी पाहणे अधिक फलदायी ठरते. पाऱ्याचे तापमापी घेऊ नयेत. लाल द्रवाचे किंवा अंकदर्शक घ्यावेत.

ही यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे ही तिचीच कामे आहेत. समितीने वस्तू, संख्या, अंदाजे किंमत आणि निधीचा मार्ग नमूद करून ठराव करावा. जे संयुक्त अनुदानात बसते ते तेथून घ्यावे. जे बसत नाही ते ठरावाच्या प्रतीसह ग्रामपंचायतीकडे द्यावे आणि पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर येईल असे पाहावे. ग्रामपंचायत अधिकारी व सरपंच यांच्या हाती अशी आकडेवार मागणी असली की तिला आराखड्यात स्थान देणे त्यांनाही सुकर होते.

कुलूप कसे उघडावे

साहित्य आले तरी ते वापरात येईल याची खात्री व्यवस्थेने दिली पाहिजे. येथे पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांची जबाबदारी शिक्षकांहून अधिक आहे.

प्रथम, नोंदवह्यांचा प्रश्न. तराजू, सूक्ष्मदर्शक यांसारख्या टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत येतात. परीक्षानळ्या, सेल, मेणबत्त्या, रसायने यांची नोंद उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत असावी. दोहोंची सरमिसळ झाली की प्रत्येक फुटकी नळी हा लेखापरीक्षणाचा आक्षेप ठरतो, आणि मग कपाटाला कुलूप लागते. टिकाऊ वस्तू वापरात नादुरुस्त झाल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने तिचे निर्लेखन करता येते. मुख्याध्यापकांनी वर्षातून एकदा असा प्रस्ताव पाठवावा आणि गट कार्यालयाने तो पडून ठेवू नये.

दुसरे, तपासणीचा प्रश्न. शाळाभेटीच्या वेळी अधिकारी साहित्याची यादी व संख्या पडताळतात. त्यासोबत, गेल्या महिन्यात कोणता प्रयोग मुलांनी केला आणि त्यात काय दिसले, हे दोन विद्यार्थ्यांना विचारावे. वर्षभरात एकही परीक्षानळी न फुटलेल्या शाळेची प्रशंसा करण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

तिसरे, सुरक्षिततेचा प्रश्न. सर्वच कपाट खुले ठेवावे असा याचा अर्थ नाही. तीव्र आम्ले, स्पिरिट व अन्य रसायने वेगळ्या खणात कुलपात ठेवावीत आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच वापरावीत. भिंगे, चुंबक, होकायंत्रे, पट्ट्या यांचा खण मात्र वर्गात असावा. अल्पखर्ची साधनांच्या जुन्या पुस्तकांत इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या व पिचकाऱ्या वापरण्याच्या कृती आढळतात. रुग्णालयात वापरलेल्या अशा वस्तू हा आता नियमानुसार जैव-वैद्यकीय कचरा आहे. त्या शाळेत कदापि आणू नयेत. न वापरलेल्या नव्या वस्तू घ्याव्यात किंवा पर्याय शोधावा.

चौथे, शिक्षकांच्या परस्पर साहाय्याचा प्रश्न. एकट्या शिक्षकाला प्रयोग फसण्याची भीती वाटते. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दर महिन्याला एका शिक्षकाने एक प्रयोग सर्वांसमोर करून दाखवावा आणि तो फसला तर का फसला यावर चर्चा व्हावी. होशंगाबादच्या मासिक बैठकांचा अनुभव हेच सांगतो.

वर्षाचे नियोजन

शाळा सुरू होताच पहिल्या पंधरवड्यात प्रयोगांची व साहित्याची यादी करावी. जुलैमध्ये शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा आणि विद्यार्थ्यांच्या कल्पना इन्स्पायर योजनेसाठी नोंदवाव्यात. १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभांत मागणी मांडावी, कारण पुढील वर्षाच्या विकास आराखड्याचे काम ऑक्टोबरपासून सुरू होते. अनुदान हाती येताच खरेदी करावी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील खरेदीत बहुधा गरजेची वस्तू मिळत नाही, मिळते ती घ्यावी लागते. २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ सालापासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली याच दिवशी लावलेल्या शोधाची ती आठवण होय. त्या दिवशी भाषणांबरोबरच मुलांनी वर्षभरात केलेले प्रयोग पालकांसमोर करून दाखवावेत आणि कपाटातील वस्तूंची यादी समितीच्या सदस्यांना वाचून दाखवावी. कोणती वस्तू संपली, कोणती फुटली आणि कोणती वर्षभरात एकदाही बाहेर आली नाही, हे त्या वेळी सर्वांसमक्ष कळेल आणि पुढील वर्षाची मागणी तेथेच तयार होईल.

महाराष्ट्रातील खेड्यांतून शिकणाऱ्या मुलांपैकी अनेकांचे औपचारिक विज्ञान शिक्षण दहावीला संपते. सहावी ते दहावी या पाच वर्षांत त्यांनी एकदाही भिंगातून पान पाहिले नाही, सेलला तार जोडून दिवा लावला नाही, तर ती संधी पुढे त्यांना मिळण्याची शक्यता फार थोडी आहे. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत शिक्षकांनी साहित्याची यादी, पंचायत सदस्यांनी आराखड्यातील तरतूद आणि अधिकाऱ्यांनी निर्लेखनाचे प्रलंबित प्रस्ताव हे तीन विषय घेतले, तर या कामाचा आरंभ होईल. त्यासाठी कोणत्याही नव्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.